कॉकसमधले मत दुसऱ्याच्या हाती देता येते का?

गेल्या अंकात अमेरिकेतील राजकीय पक्षांच्या प्रभागसभांविषयी, म्हणजे तिकडे ज्यांना 'कॉकस' म्हणतात त्यांच्याविषयी, माहिती दिल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : सभेला स्वतः जाता आले नाही, तर आपले मत दुसऱ्या कोणाकरवी देता येते का? पत्रे आयोवा आणि मिनेसोटापासून पुण्यापर्यंतची आहेत. त्यांतील काही निवडून येथे उत्तरे देत आहोत. एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. कॉकस ही उमेदवाराविषयीची पसंती नोंदवण्यासाठी आणि वरच्या अधिवेशनांचे प्रतिनिधी निवडण्यासाठी पक्षाने भरवलेली सभा असते आणि तिचे नियम राज्यागणिक, पक्षागणिक आणि निवडणुकीगणिक बदलतात. त्यामुळे येथे दिलेल्या उत्तराच्या जोरावर सभेत वाद घालण्यापूर्वी आपल्या राज्यातील पक्षाची त्या वर्षीची लेखी नियमावली मागवून वाचावी. ती मागण्यात कोणताही संकोच बाळगू नये.

प्रश्न : जानेवारी २०२४ मध्ये आयोवातील आमच्या प्रभागाच्या रिपब्लिकन कॉकसला मी गेले होते. माझे यजमान रुग्णालयात रात्रपाळीला असल्याने त्यांनी आपली पसंती कागदावर लिहून, खाली सही करून, वाहन परवान्याच्या प्रतीसह तो कागद माझ्याजवळ दिला होता. आम्ही दोघेही अमेरिकी नागरिक आहोत आणि दोघांचीही पक्षनोंदणी आहे. तरीही सभेच्या सचिवांनी तो कागद घेतला नाही. हा अन्याय नव्हे काय?
— एक वाचिका, सीडर रॅपिड्स

उत्तर : नियमाने पाहिले तर सचिवांचे वागणे बरोबर होते. १५ जानेवारी २०२४ च्या त्या सभेत रिपब्लिकन पक्षाने कोऱ्या चिठ्ठीवर गुप्त मतदान घेतले आणि ती चिठ्ठी सभागृहात प्रत्यक्ष हजर असलेल्या व्यक्तीच्याच हाती दिली जात होती. यात केवळ पक्षाच्या परंपरेचा भाग नाही. आयोवाच्या विधिमंडळाने २०२३ मध्ये केलेल्या आणि गव्हर्नर किम रेनॉल्ड्स यांनी त्याच वर्षी जूनमध्ये सही केलेल्या कायद्यानुसार, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्रतिनिधी निवडण्याचा भाग म्हणून प्रभागसभा भरत असेल, तर तीत भाग घेणाऱ्याने सभेच्या ठिकाणी शरीराने उपस्थित असणे आवश्यक ठरले आहे. त्या रात्रीची हाडे गोठवणारी थंडी आठवणाऱ्या आयोवाकरांना ही अट किती जाचक होती हे वेगळे सांगायला नको. पण थंडी, रात्रपाळी किंवा आजारपण यांपैकी कशासाठीही रिपब्लिकन सभेत सवलत नव्हती.

आपल्या पत्रात मात्र दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि पुढच्या सगळ्या उत्तरांना उपयोगी पडेल म्हणून त्या येथेच सोडवून ठेवतो. आपल्या यजमानांनी पसंती स्वतः लिहून दिली होती आणि आपण फक्त तो कागद पोहोचवत होता. याला प्रॉक्सी म्हणत नाहीत. हे अनुपस्थित मतदाराचे मत झाले, टपालाऐवजी पत्नीच्या हातून आलेले. प्रॉक्सीमध्ये मत देण्याचा अधिकारच दुसऱ्याकडे जातो. सभेत काय घडते ते पाहून, कोणाची भाषणे होतात ती ऐकून, तो दुसरा माणूस मूळ मतदाराच्या वतीने निर्णय घेतो. तिसरा प्रकार बदली प्रतिनिधीचा. त्यात कोणी कोणाला अधिकार देत नाही, तर सभेनेच आधी निवडून ठेवलेला माणूस रिकाम्या खुर्चीवर बसतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे तिन्ही प्रकार 'एकाऐवजी दुसरा' असेच दिसतात, पण नियमावल्या त्यांना फार वेगळी वागणूक देतात. अनुपस्थित मतदाराच्या मतासाठी पक्षांनी अलीकडच्या काळात पुष्कळ दारे उघडली आहेत. प्रॉक्सीसाठीचे दार तळाच्या सभेत जवळपास बंदच आहे.

आपण डेमोक्रॅटिक पक्षाच्या असता, तर त्याच हंगामात यजमानांना घरबसल्या पसंती नोंदवता आली असती. त्या पक्षाने आयोवात २०२४ मध्ये पसंतीची कार्डे टपालाने मागवली आणि निकाल ५ मार्चला जाहीर केला. जानेवारीतील प्रभागसभांत केवळ पक्षाचे अंतर्गत कामकाज झाले. एकाच राज्यात, एकाच वर्षी, दोन पक्षांचे दोन नियम होते. आपल्या यजमानांवर अन्याय झाला असे म्हणायचे तर तो सचिवांनी केलेला नाही. तो नियमात आहे, आणि नियमाविरुद्ध दाद पक्षाच्या राज्य समितीकडे व विधिमंडळाकडे मागावी लागेल.

प्रश्न : माझे वडील ८१ वर्षांचे असून अमेरिकी नागरिक आहेत. त्यांच्या मालमत्तेचे व औषधोपचाराचे मुखत्यारपत्र माझ्या नावाने नोटरी केलेले आहे. मिनेसोटातील आमच्या प्रभागाच्या कॉकसमध्ये त्या मुखत्यारपत्राच्या आधारे त्यांचे मत मी देऊ शकतो का?
— एक वाचक, मिनीॲपोलिस

उत्तर : नाही. मुखत्यारपत्राने बँकेचे खाते चालवता येते, घर विकता येते, शस्त्रक्रियेला संमती देता येते. मताधिकार त्यात येत नाही, मग ती सार्वजनिक निवडणूक असो वा पक्षाची सभा.

मिनेसोटात मुळात पक्षनोंदणीची पद्धत नाही. पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदानास पात्र असेल, त्या प्रभागात राहत असेल आणि पक्षाच्या तत्त्वांशी सहमत असल्याचे सांगत असेल, अशा माणसाला सभेत मत मिळते, आणि हे तो दाराशी सही करून सांगतो. ती सही वडिलांच्या वतीने आपण कशी करणार? कॉलेजात मित्राच्या हजेरीला 'प्रेझेंट सर' म्हणून प्रॉक्सी मारण्याचा उद्योग आपल्यापैकी अनेकांनी केला असेल. येथे तो करू नये.

वडिलांना पुढच्या पातळीवरच्या अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून जाण्याची इच्छा असेल, तर मात्र मार्ग आहे. डीएफएल, म्हणजे डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर या नावाने मिनेसोटात ओळखला जाणारा डेमोक्रॅटिक पक्ष, प्रभागसभेला येऊ न शकणाऱ्यांसाठी एक छापील अर्ज ठेवतो. तो अर्ज दिल्यास अनुपस्थित व्यक्तीचे नाव प्रतिनिधी किंवा बदली प्रतिनिधी म्हणून विचारात घेतले जाते. या अर्जाने माणूस उमेदवार होतो, मतदार होत नाही, हा भेद ध्यानात ठेवावा.

अडचण तब्येतीची नसून नोकरीची असेल, तर इतर वाचकांसाठी एक माहिती : मिनेसोटाच्या कायद्याने प्रभागसभेला जाण्यासाठी कर्मचाऱ्याला कामावरून सुटी घेण्याचा हक्क दिलेला आहे, मात्र त्यासाठी मालकाला १० दिवस आधी लेखी कळवावे लागते. सभेच्या संध्याकाळी ६ नंतर शहर परिषदा, शाळा मंडळे यांच्यासारख्या सार्वजनिक संस्थांनी बैठका घेऊ नयेत, अशीही तेथे तरतूद आहे. प्रॉक्सी द्यायची नाही असे ठरवले, की माणसाला सभेपर्यंत पोहोचता येईल याची व्यवस्था करण्याची जबाबदारी येते, आणि मिनेसोटाने ती निदान काही अंशी उचलली आहे.

प्रश्न : मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी आहे. पक्ष ही खासगी संघटना आहे. तिच्या सदस्याने आपखुशीने आपले मत विश्वासातल्या माणसाच्या हवाली केले, तर इतरांचे काय बिघडते? भागधारक कंपनीच्या सभेत हेच करतात. मग पक्षांना प्रॉक्सीचे एवढे वावडे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : याचे उत्तर १९६८ मध्ये सापडते. त्या वर्षी व्हिएतनाम युद्धावरून डेमोक्रॅटिक पक्षात उभी फूट पडली होती. युद्धविरोधी कार्यकर्ते, त्यांतही सिनेटर युजीन मॅकार्थी यांचे तरुण समर्थक, पहिल्यांदाच गावोगावच्या प्रभागसभांना जाऊ लागले आणि तेथे त्यांना असे आढळले की सभा कधी व कोठे आहे हे अनेक ठिकाणी कोणाला ठाऊकच नसते. ठाऊक झाले तरी यादी आधीच तयार असते, आणि आपण बहुसंख्येने गेलो तरी हरतो, कारण समोरच्या खुर्चीवरील पदाधिकाऱ्याच्या खिशात अनुपस्थितांच्या सह्यांचा गठ्ठा असतो. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली. त्यांनी एकाही राज्यात प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीसाठी मतदारांचे थेट मत घेणारी निवडणूक, लढवलेली नव्हती. सभागृहाबाहेर रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या चालत होत्या, हे सारे जगाने दूरचित्रवाणीवर पाहिले.

त्यानंतर पक्षाने १९६९ मध्ये एक आयोग नेमला. त्याचे पहिले अध्यक्ष साउथ डकोटाचे सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न आणि नंतरचे अध्यक्ष मिनेसोटाचे प्रतिनिधी डोनाल्ड फ्रेझर, म्हणून तो मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग या नावाने ओळखला जातो. आयोगाने देशभर सुनावण्या घेतल्या आणि १९७० मध्ये अहवाल दिला. अधिवेशनाच्या एक तृतीयांशाहून अधिक प्रतिनिधींची निवड प्रत्यक्षात १९६८ साल उजाडण्यापूर्वीच, म्हणजे उमेदवार आणि मुद्दे स्पष्ट होण्याआधीच, झालेली होती असे त्यात नमूद आहे. पण आपल्या प्रश्नाला नेमके लागू पडेल असे उदाहरण मिसुरी राज्यातील एका टाउनशिपच्या, म्हणजे छोट्या स्थानिक विभागाच्या, सभेचे आहे. तेथे पक्षाच्या एका पदाधिकाऱ्याने ४९२ प्रॉक्सी मते टाकली. सभेला प्रत्यक्ष आलेल्या बाकी सगळ्या लोकांच्या संख्येची ती तिप्पट होती.

या आकड्यापाशी थोडे थांबावे असे मला वाटते. ४९२ लोकांनी खरोखरच त्या गृहस्थांवर विश्वास टाकला होता असे गृहीत धरू. सह्या खऱ्या, माणसे खरी, फसवणूक काहीच नाही. तरीही त्या सभेत काय उरले? आलेल्या लोकांनी भाषणे केली असतील, एकमेकांचे मन वळवण्याचा प्रयत्न केला असेल, एखाद्याने आपले मत बदललेही असेल. आणि या कशानेही निकालात काडीचा फरक पडणार नव्हता. मन वळवायचे तर ते ४९२ लोकांचे वळवायला हवे होते आणि ते तर घरी होते. कंपनीची सभा आणि पक्षाची प्रभागसभा यांतला फरक येथे आहे. कंपनीत मत भागभांडवलाला असते, माणसाला नव्हे. शंभर भाग असलेल्याची शंभर मते असतात आणि ते भाग विकताही येतात. प्रभागसभेत मत रहिवासी म्हणून, सदस्य म्हणून, म्हणजे व्यक्ती म्हणून असते. अमेरिकेतील असंख्य संस्था सभाकामकाजासाठी जे नियमपुस्तक प्रमाण मानतात, त्या हेन्री रॉबर्ट या लष्करी अभियंत्याने १८७६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाची भूमिकाही हीच आहे. जेथे सदस्यत्व वैयक्तिक आणि अहस्तांतरणीय असते, तेथे प्रॉक्सी विचारविनिमय करणाऱ्या सभेच्या स्वरूपाशी विसंगत ठरते, आणि कायद्याने किंवा संस्थेच्या उपविधींनी स्पष्ट परवानगी दिलेली नसेल तर ती चालत नाही.

आयोगाने राज्य पक्षांना बजावले की प्रतिनिधी-निवडीच्या संपूर्ण प्रक्रियेत प्रॉक्सी मतदानाला मनाई करावी. त्याच मार्गदर्शक सूचनांत वरच्या पातळीवरील सभांसाठी ४० टक्के गणपूर्तीची अट आली आणि राज्याच्या सर्व प्रतिनिधींची मते बहुमताच्या बाजूने एकगठ्ठा टाकण्याच्या जुन्या पद्धतीलाही रजा मिळाली. योगायोग असा की १९७२ मध्ये या नव्या नियमांनुसार झालेल्या पहिल्याच लढतीत उमेदवारी मिळाली ती मॅकगव्हर्न यांनाच. त्यांच्या विरोधकांनी यावरून पुष्कळ टोमणे मारले. सार्वत्रिक निवडणुकीत ते दणकून हरले, पण नियम टिकले.

प्रश्न : प्रभागसभेतून माझी वरच्या पातळीवरील अधिवेशनासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रतिनिधी म्हणून निवड झाली आहे. अधिवेशन सकाळी सुरू होऊन संध्याकाळपर्यंत रेंगाळते असे ऐकते. मला दुपारी तीन वाजता मुलाला आणायला निघावेच लागेल. जाताना माझे मत शेजारच्या प्रतिनिधीकडे सोपवता येईल का? दुसऱ्या राज्यात रिपब्लिकन पक्षाचे काम करणारा माझा भाऊ म्हणतो की हे कोठेच चालत नाही.
— एक वाचिका, सिॲटल

उत्तर : भाऊ त्याच्या स्वतःच्या पक्षापुरते बरोबर सांगत आहे. रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय नियमांत स्वच्छ लिहिलेले आहे की राष्ट्रीय अधिवेशनाचे प्रतिनिधी निवडण्यासाठी भरलेल्या कोणत्याही जिल्हा किंवा राज्य अधिवेशनात प्रॉक्सी चालणार नाही; बदली प्रतिनिधी निवडलेले असतील, तर मूळ प्रतिनिधीच्या गैरहजेरीत त्या बदली प्रतिनिधीनेच मत द्यावे, अन्य कोणी नाही.

आपल्या, म्हणजे डेमोक्रॅटिक, पक्षाचा नियम जरा वळणाचा आहे. १९७० ची सरसकट मनाई पुढे सैल झाली आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय प्रतिनिधी-निवड नियमांत एक अरुंद फट ठेवली गेली. राज्य पक्षाला वाटल्यास तो आपल्या प्रतिनिधी-निवडीच्या आराखड्यात प्रॉक्सीला परवानगी देऊ शकतो. वाटले नाही तर देऊ नये. म्हणजे पहिले काम, आपल्या राज्याच्या या वर्षीच्या आराखड्यात ते कलम आहे का ते पाहणे. नसेल तर पुढचे सर्व वाचण्याची गरज नाही.

असेल, तर त्याला चार वेसणी आहेत. आपण आधी सभेला प्रत्यक्ष येऊन आपले प्रतिनिधित्व तपासून नोंदवून घेतलेले असले पाहिजे. घरून पाठवलेले पत्र, फोनवरून दिलेला निरोप किंवा आदल्या दिवशी केलेली सही चालत नाही. ज्याच्याकडे मत सोपवायचे, तोही त्याच सभेत रीतसर नोंदलेला सहभागी हवा. पाहुणा, पत्रकार किंवा आपल्याला न्यायला आलेले यजमान चालणार नाहीत. ही प्रॉक्सी अहस्तांतरणीय असते, म्हणजे आपण ती 'क्ष'ला दिली आणि चार वाजता 'क्ष'लाही निघावे लागले, तर त्याने आपले मत 'य'च्या हाती देणे नियमबाह्य ठरते आणि आपले मत तेथेच संपते. आणि कोणाही एका व्यक्तीला एका वेळी तीनहून अधिक प्रॉक्सी धारण करता येत नाहीत. स्वतःचे एक आणि इतरांची तीन, अशी चार मते ही एका माणसाची कमाल मर्यादा आहे. मिसुरीच्या ४९२ वरून तीनवर आलेला हा आकडा आहे, आणि माझ्या मते तीनही थोडे जास्तच आहेत. लहान अधिवेशनात चार-पाच प्रॉक्सीधारकांनी ठरवले तर दुपारनंतरचे निकाल फिरू शकतात. पण नियम तसा आहे.

याहून महत्त्वाचा एक अपवाद वाचक बहुधा विसरतात. आपल्या जागी बसण्यास पात्र असा बदली प्रतिनिधी सभागृहात हजर असेल, तर प्रॉक्सीचा प्रश्नच उद्भवत नाही. जागा त्याची. शेजारची मैत्रीण कितीही विश्वासू असली तरी बदली प्रतिनिधीला डावलून तिला मत देता येणार नाही. व्यवहारात वरच्या अधिवेशनांना बदली प्रतिनिधी पुष्कळ येतात आणि खुर्ची रिकामी होण्याची वाट पाहत भिंतीशी उभे असतात. तेव्हा आपला प्रश्न बहुतेक तीन वाजता आपोआप सुटेल. निघताना नोंदणीच्या टेबलावर जाऊन आपण कायमच्या जात आहोत हे सांगा आणि आपला बिल्ला परत करा. नुसते उठून गेल्यास आपली जागा रिकामीच धरली जाते आणि बदली प्रतिनिधीला ती मिळायला उशीर लागतो, याने आपल्याच गटाचे नुकसान होते.

या पक्षाच्या प्रतिनिधी-निवडीच्या सभांत गुप्त मतदान चालत नाही. मत उघड किंवा सही केलेल्या मतपत्रिकेवर द्यावे लागते. त्यामुळे आपण दिलेल्या प्रॉक्सीचा वापर कोणासाठी झाला, हे आपल्याला नंतर पाहता येईल. मात्र सूचना मोडून वापर झाला, तर निकाल बदलून मिळेल अशी आशा ठेवू नका. म्हणून प्रॉक्सी ज्या मतदानासाठी देत आहात त्याचा उल्लेख करून, मोजक्या शब्दांत लेखी द्या, आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा.

प्रश्न : प्रॉक्सी नको हे पटले. पण ज्यांना खरोखरच येणे अशक्य आहे त्यांचे काय? पाळीवर काम करणारे, घरी आजारी माणूस असणारे, अपंग व्यक्ती यांनी दर चार वर्षांनी घरी बसायचे का?
— एक वाचक, डी मॉइन

उत्तर : या व्यवस्थेतील खरे दुखणे हेच आहे आणि पक्षांनी ते फार उशिरा मान्य केले. प्रॉक्सी बंद करून १९७० मध्ये एक वाट बुजवली गेली, पण तिच्या जागी दुसरी सरळ वाट आखायला अनेक राज्यांत कित्येक दशके गेली.

काही राज्यांनी आधीच हातपाय हलवले होते. मेनमधील डेमोक्रॅटिक पक्ष आपल्या कॉकससाठी अनुपस्थितांच्या मतपत्रिका स्वीकारत असे. वॉशिंग्टन राज्यात २०१६ मध्ये धार्मिक पालन, लष्करी सेवा, अपंगत्व, आजार किंवा कामाची वेळ यांमुळे येऊ न शकणाऱ्याला प्रतिज्ञापत्र भरून आपली पसंती आधीच कळवता येत होती. नेव्हाडाने २००८ मध्ये लास व्हेगासच्या कॅसिनोंमधील पाळीवरच्या कामगारांसाठी त्यांच्या कामाच्या ठिकाणाजवळच खास सभा भरवल्या. त्याला विरोध म्हणून खटलाही झाला, तो फेटाळला गेला.

आपल्या आयोवात मात्र गाडे अडून राहिले, कारण तेथील डेमोक्रॅटिक सभेची रचनाच वेगळी होती. लोक उमेदवारनिहाय गट करून सभागृहाच्या कोपऱ्यांत उभे राहत. ज्या गटात किमान मर्यादेइतके, म्हणजे बहुतेक ठिकाणी १५ टक्के, लोक नसत, त्याला मोडून दुसऱ्या गटांत जावे लागे. घरी बसलेल्या माणसाने पहिली पसंती पाठवली, तरी गट मोडल्यावर त्याने कोणाकडे जावे हे कोण सांगणार? येथे प्रॉक्सीधारक उपयोगी पडला असता हे कबूल करायला हवे. पण त्याच क्षणी शेजारचे गट त्याला ओढायला लागले असते आणि हातातल्या दुसऱ्याच्या मताचे वजन दाखवून तो सौदा करू शकला असता.

२०२० च्या हंगामासाठी डेमोक्रॅटिक पक्षाने नियमच केला की कॉकस घेणाऱ्या राज्यांनी अनुपस्थितांसाठी सोय करावी. आयोवाने फोनवरून भाग घेण्याची योजना मांडली. पण ती घुसखोरीपासून सुरक्षित ठेवता येणार नाही या कारणाने राष्ट्रीय पक्षाने सप्टेंबर २०१९ मध्ये ती नाकारली. मग उपग्रहसभांचा, म्हणजे नेहमीच्या प्रभागाबाहेर भरवायच्या सभांचा, तोडगा निघाला : एकूण ८७ ठिकाणी, त्यांत ऑटमवाच्या मांसप्रक्रिया कारखान्यातील पाळीवाल्या कामगारांसाठी दुपारी भरलेली सभा होती, तशाच पॅरिस, ग्लासगो आणि जॉर्जिया या देशातील तिबिलिसी येथेही आयोवाकर जमले. येथेही मत दुसऱ्याकडे गेले नाही. सभाच मतदाराकडे गेली.

तांत्रिकदृष्ट्या सर्वांत नेटके उत्तर मला नेव्हाडाच्या २०२० मधील पद्धतीचे वाटते. तेथे चार दिवस आगाऊ मतदान झाले आणि मतदाराने एकाहून अधिक उमेदवार पसंतीक्रमाने लिहून दिले. त्याचा कागद त्याच्या घरच्या प्रभागसभेत पोहोचला, पहिला उमेदवार १५ टक्क्यांत बसला नाही तर पुढची पसंती धरली गेली. सुमारे ७५,००० लोकांनी अशा प्रकारे आधीच मत दिले. प्रॉक्सीधारक जे काम करतो, ते येथे मतदाराने आधीच लिहून ठेवलेल्या क्रमाने केले आणि मधल्या माणसाची गरज उरली नाही. मोजणी करणाऱ्या स्वयंसेवकांची त्या दिवशी तारांबळ उडाली हे खरे, पण तो दोष तयारीचा होता.

प्रश्न : आमचा मुलगा न्यू जर्सीत असतो. कोथरूडमधील सदनिका त्याच्या एकट्याच्या नावावर आहे आणि त्याचे मुखत्यारपत्र माझ्याकडे आहे. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत मला मत देऊ देत नाहीत. अमेरिकेतील पक्षांचा नियम आणि आमचा नियम एकच आहे का?
— एक ज्येष्ठ वाचक, पुणे

उत्तर : आपला नियम त्यांच्यापेक्षाही कडक आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार संस्थेच्या कामकाजात सदस्याला एकच मत असते आणि ते त्याने स्वतः द्यायचे असते, प्रॉक्सीमार्फत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत मुखत्यारपत्रधारकालाही सर्वसाधारण सभेस मज्जाव आहे. डेमोक्रॅटिक पक्षाने ठेवलेली तीन मतांची फटही येथे नाही. मुलाचे नाव पहिले राहून आपले नाव सदनिकेत सहसदस्य म्हणून लावता येईल का, याची संस्थेच्या सचिवांकडे चौकशी करावी. मार्ग निघाला तर तिकडून निघेल.

कंपनीच्या सभेत चित्र उलटे दिसेल. कंपनी कायदा, २०१३ नुसार भागधारक प्रॉक्सी नेमू शकतो, पण त्या प्रॉक्सीला सभेत बोलता येत नाही, हात वर करून मतही देता येत नाही. रीतसर मतमोजणी मागितली गेली तरच त्याचे मत धरतात. बोलण्याचा अधिकार काढून घेतल्यावर मग मत देण्याचा अधिकार दिलेला आहे, हे नागपूरच्या विद्यार्थिमित्रानेही पाहावे.

आपल्या मुलाचे भारतीय नागरिकत्व कायम असेल, तर येथील सार्वत्रिक निवडणुकीत तो परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो, पण मत द्यायला त्याला पासपोर्ट घेऊन कोथरूडच्या केंद्रावर यावे लागेल. अशा मतदारांना प्रॉक्सी देण्याचे विधेयक लोकसभेने ऑगस्ट २०१८ मध्ये संमत केले होते. राज्यसभेत ते मंजूर झाले नाही आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळले. भारतात प्रॉक्सीची सोय आहे ती सैन्यदलांतील व तत्सम सेवांतील मतदारांना, २००३ पासून.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. शेजारचे अमेरिकी काका त्यांचे कॉकसमधील मत माझ्यामार्फत देऊ इच्छितात. चालेल का?
— एक वाचक, ओमाहा

उत्तर : चालणार नाही. प्रॉक्सी देण्याची मुभा आहे तेथेही ती घेणारा त्या सभेचा पात्र सहभागी असावा लागतो आणि आपण नागरिक नसल्याने तसे होऊ शकत नाही. काकांना गाडीने सभेला नेऊन सोडण्यास कोणतीही आडकाठी नाही. अशा सभा बहुधा खुल्या असतात. प्रेक्षकांसाठी राखलेल्या जागेत बसून आपल्याला सगळे कामकाज पाहता येईल. फक्त दाराशी ठेवलेल्या मतदारांच्या हजेरीपत्रकावर सही करू नका. ते सह्यांचे कागद पुढे तपासले जातात, आणि अपात्र असताना मतदार म्हणून केलेली सही आपल्या स्थलांतराच्या प्रकरणात अडचणीची ठरू शकते.